हम्पता पास : मनालीतला विश्रांतीचा दिवस म्हणजे पैसे काढायचं नाटक आहे का?

रापण_मालवण

परवा इथे सडा_रत्नागिरी यांनी हम्पता पास (मनालीजवळची उंच खिंड) करून आल्यावर लांबलचक पोस्ट टाकली होती. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं असं की गाईडवाले लोकांना उगाच घाबरवतात. मनालीत एक अख्खा दिवस नुसतं बसवून ठेवतात, सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावतात, आधी पाच किलोमीटर पळून दाखवा म्हणतात, हे सगळे पैसे काढायचे धंदे. "आपण कोकणातली माणसं, उन्हापावसात राबलेली, आपल्याला चौदा हजार फूट काय करणार." आणि शेवटी, गणपती झाले की वाडीतल्या चौदा पोरांना स्वतः घेऊन जाणार, गाईड नाही, विश्रांतीचा दिवस नाही, चार दिवसांत पास ओलांडून खाली. त्याच्याखाली सगळे "दादा मी पण येतो" म्हणून नाचतायत.

मी दोन दिवस गप्प बसले, पण आता राहवत नाही.

चार वर्षांपूर्वी जुलैत आम्ही घरचे सहा जण ह्याच हम्पताला गेलो होतो. त्यात माझे मोठे दीर. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारा माणूस, पन्नाशीला आलेले पण पंचविशीतल्या पोराला ऐकणार नाहीत असे. ठरल्याप्रमाणे मनालीत एक रात्र मुक्काम होता. आमची गाडी नऊ तास लेट झाली, परतीची तिकिटं तर काढलेली, म्हणून आम्हीच ट्रेकला नेणाऱ्या माणसाला म्हटलं की मनालीचा मुक्काम कापा. तो लगेच हो म्हणाला. मंगळवारी सकाळी मनालीत बसमधून उतरलो, त्याच दिवशी जीपने जोबरा, तिथून चालत चिका, म्हणजे दहा हजार फुटांच्या थोडं वर. बुधवारी बालू का घेरा, साधारण ११,९०० फूट. गुरुवारी पास १४,००० आणि रात्री पलीकडे सियागोरूला १२,९०० फुटांवर झोप. मालवणात आमचं घर किनाऱ्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि मनालीत पाय ठेवल्यापासून तिसऱ्या रात्री आम्ही तेरा हजारांना टेकलेलो.

बालू का घेराला भावोजी जेवले नाहीत. डोकं दुखतंय का विचारलं तर "काय नाय गो, जरा ऊन लागला". आम्हाला वाटलं खरंच ऊन. दुसऱ्या दिवशी पासच्या चढावर वीस पावलं टाकायचे आणि काठीवर डोकं टेकून उभे राहायचे. आम्ही मागून चेष्टा करत होतो, त्याची आज लाज वाटते. रात्री तंबूत त्यांना आडवं होता येईना, बसूनच. खोकला सुरू झाला आणि श्वासाबरोबर छातीतून आवाज यायला लागला, चुलीवर पेज रटरटते ना, अगदी तसा. टॉवेलवर गुलाबी फेस. पहाटे त्यांना बूट घालायला सांगितला तर नाडी बांधता येईना. जो माणूस काळोखात, हलत्या होडीत जाळ्याच्या गाठी मारतो तो नाडीची दोन टोकं हातात धरून नुसता बघत बसला होता. ते हात मी अजून विसरलेले नाही.

सियागोरूचा ओढा भल्या सकाळी पाणी कमी असताना ओलांडावा लागतो, बर्फाचं पाणी, पाय बधिर होतात. आमच्या गाईडने त्यांना पाठीवर घेऊन ओलांडलं. त्याच्याकडे ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, तो लावून छत्रूपर्यंत उतरवलं, तिथून जीप, अटल बोगद्यातून मनालीचं हॉस्पिटल. पाच दिवस ॲडमिट. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसात पाणी भरलंय, अजून एक रात्र वर काढली असती तर आम्हाला बॉडी न्यावी लागली असती.

तो गाईड नसता आणि आम्ही चौदा पोरंपोरंच असतो तर? दादा, ह्याचं उत्तर द्या.

सडा_रत्नागिरी

ताई, तुमच्या दिरांचं वाचून खरंच वाईट वाटलं, ते बरे आहेत ना आता? पण एका माणसाला झालं म्हणून सगळ्यांना होतं असं नाही ना. मी ४६ वर्षांचा, ह्याच जूनमध्ये पास केला, डोकंसुद्धा दुखलं नाही. दर पावसाळ्यात रसाळगड, सुमारगड, महीपत करतो, पाठीवर दहा किलो घेऊन. लहानपणी बाबांबरोबर काजूच्या गोणी सड्यावरून उतरवल्यात. आमच्या वाडीतली पोरंही तशीच आहेत, जिममध्ये फुगवलेली नाहीत.

आणि माझा राग कशावर आहे ते नीट समजून घ्या. आमच्या बॅचमध्ये माझा चुलतभाऊ होता, त्याचं बीपी एका सकाळी १५० आलं तर त्याला तिथूनच परत पाठवला, पैसे परत नाहीत. तो ढसाढसा रडला. आणि त्याच बॅचमध्ये अर्ध्या लोकांनी आपल्या बॅगा खेचरावर टाकल्या, हात हलवत चालले आणि पासवर पोचल्यावर झेंडा धरून फोटो. ज्याला स्वतःची बॅग उचलता येत नाही त्याने पास केला असं म्हणूच नये. ह्यांना कोणी परत पाठवलं नाही, कारण खेचराचे दिवसाचे वेगळे पैसे मिळतात. म्हणून म्हणतो धंदा आहे.

घाटवाट_खेड

रसाळ-सुमार-महीपत माझ्या गावच्या मागे आहेत, रोज बघतो, म्हणून बोलतो. दादा, ते गड अवघड आहेत, जंगल आहे, वाट चुकते, सगळं मान्य. पण उंचीच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य. आख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ती १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. मनालीचा बाजार त्याच्यापेक्षा वर आहे, साडेसहा हजारांच्या पुढे! आपला सर्वात मोठा डोंगर जिथे संपतो त्याच्यावर हजार-तेराशे फुटांवर तिथे लोक भाजी घेत असतात. सह्याद्रीने पाय घडतात, दम वाढतो, पण विरळ हवेची सवय इथे कुठेच होऊ शकत नाही.

डॉक्टर_दाभोळखाडी

मी सरकारी दवाखान्यात असतो, दोन वेळा लडाखला आणि एकदा रुपिन पासला गेलोय. थोडं मोकळेपणाने लिहितो.

लोकांना वाटतं वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं. प्रमाण तेच, २१ टक्के, इथे दाभोळलाही तेवढंच. कमी होतो तो हवेचा दाब. चौदा हजार फुटांवर दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ६० टक्के राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच मानाने कमी आत जातो. शरीर त्यावर उपाय करतं, श्वास वाढवतं, त्यामुळे रक्तातल्या आम्लाचा तोल बिघडतो, तो मूत्रपिंडं दोन-चार दिवसांत सावरतात. ह्या दोन-चार दिवसांना पर्याय नाही. गोणी उचलून मूत्रपिंडं लवकर काम करत नाहीत.

म्हणून नियम असा की दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. ताईंचा हिशेब बघा, चिका ते बालू का घेरा एका रात्रीत अठराशे फूट, म्हणजे मर्यादेच्या वर. हम्पता हा मुळातच घाईचा ट्रेक आहे, "सोपा, नवशिक्यांचा" म्हणून विकला जातो. त्यात मनालीची रात्रही कापली तर उरतं काय?

आणि धडधाकट माणसाला हे होत नाही, हा समज सगळ्यात घातक. उलट धडधाकट माणूस दुखलं तरी सांगत नाही आणि सगळ्यांच्या पुढे चढत राहतो, म्हणून तो जास्त सापडतो. छातीत पाणी झालं की औषध एकच, ताबडतोब खाली उतरवणं. बाकी ऑक्सिजन, गोळ्या ह्या खाली नेईपर्यंतच्या टेकू. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून, आणि ती घेतली म्हणून घाई करायची सूट मिळत नाही.

एक गोष्ट मात्र दादांची बरोबर आहे. त्या ऑक्सिमीटरचं अती झालंय. थंडीने बोटं गारठली असतील, नखाला रंग असेल, तर आकडा काहीही येतो. माणसाकडे बघा. जेवतोय का, झोपला का, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालतोय का. नाडी बांधता येत नाही हे कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं लक्षण होतं.

कुडाळकर_भाऊ

तां सगळां ठीक आसा डॉक्टरानू, पण खेचराचां कोण बोलता? माका तोच मुद्दा पटलो. केदारनाथच्या वाटेर त्या जनावरांचे हाल सगळ्यांनी व्हिडिओत बघितले. पाठीर जखम, वर दोन-दोन गॅस सिलिंडर. आपली बॅग आपण घेवची. नाय जमणा तर घरात ऱ्हवचा.

चाकरमानी_डोंबिवली

घरात राहायचं? भाऊ, मी ५८ वर्षांची आहे. वेंगुर्ल्याचं माहेर, डोंबिवलीत सदतीस वर्षं, लोकल धरून धरून दोन्ही गुडघे गेलेत. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने कुठे गेले असेन तर हम्पताला. सहा महिने रोज सकाळी इमारतीचे सात मजले चढले-उतरले. बॅग खेचरावर टाकली कारण डॉक्टरने गुडघ्यावर वजन नको सांगितलेलं. पाण्याची बाटली आणि रेनकोट घेऊन चालले, सगळ्यात शेवटी पोचले, पण पोचले स्वतःच्या पायाने. पासवर उभं राहून मागे बघितलं तर हिरवं कुल्लूचं खोरं, पुढे बघितलं तर लाहौलचे उघडे तपकिरी डोंगर, एका पावलाच्या अंतरावर दोन जगं. मी रडले तिथे. आणि तुम्ही म्हणताय मी पास केलाच नाही?

सडा_रत्नागिरी

ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते. मी तिशीतल्या धडधाकट पोरांबद्दल बोललो.

चाकरमानी_डोंबिवली

तुम्ही "ज्याला स्वतःची बॅग उचलता येत नाही" असं लिहिलंय. त्यात वय नाही लिहिलेलं. लिहिताना विचार करा.

घाटवाट_खेड

बॅगेवरून मला राहवत नाही. आपल्याकडच्या घाटवाटा कशासाठी होत्या? कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, घाटावरून धान्य खाली यायचं, आणि ते सगळं बैलांच्या पाठीवर. बैलावर मीठ टाकून घाट चढला म्हणून त्या बैलवाल्यांपैकी कोणाला "तू चढलाच नाहीस" असं कोणी म्हटलं नसेल. ओझं जनावराने वाहणं आणि जनावराचे हाल करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हम्पता तरी काय, मेंढपाळांचीच वाट. कुल्लूकडून लाहौलला उन्हाळ्यात मेंढ्या चारायला न्यायची. आपल्या घाटासारखंच, एका बाजूला धो धो पाऊस, ओलांडलं की कोरडं.

आणि दादा, तुम्ही बॅग पाठीवर घेतली, बरं केलं, पण तुमचा तंबू, तुमची खिचडीची भांडी, गॅस, हे कोणी नेलं? खेचरानेच ना? तुमच्या बॅगेने खेचर वाचलं आणि तुमच्या तंबूने वाचलं नाही असं कसं?

सडा_रत्नागिरी

तंबू कंपनीचा होता. मी मागितलेला नाही. वाडीच्या पोरांबरोबर जाताना तंबूही आम्हीच नेणार.

कुडाळकर_भाऊ

खेडवाल्यानू, बैल आपलो, घरात वाढवलेलो, त्याका आपण गोंजारतंव. खेचरवाल्याक कोण बघता? एका हंगामात वापरूचा आणि सोडूचा. तां आणि तां एक नाय.

घाटवाट_खेड

जोबऱ्याला मी ज्या घोडेवाल्याबरोबर दोन दिवस चाललो त्याच्याकडे चार खेचरं होती. संध्याकाळी आम्ही चहा पीत असताना तो खोगीर उतरवून प्रत्येकीची पाठ हाताने चाचपून बघायचा, कुठे सोललंय का. एकीची थोडी सोललेली तर दुसऱ्या दिवशी तिला रिकामी चालवली, तिचं ओझं त्याने आणि त्याच्या भाच्याने वाटून घेतलं. तुम्ही व्हिडिओ बघून सगळ्यांना एका मापाने मोजू नका. त्या माणसाचं पोट जून ते सप्टेंबर एवढ्यावरच आहे.

देवगड_आंबेवाला

एवढे वीस-बावीस हजार रुपये हिमाचलला घालवायचे कशाला हेच मला कळत नाही. आपल्या घाटवाटा ओस पडल्यात, गावातली पोरं गाईड म्हणून उभी राहू शकतात, पण आपले लोक पहिले मनालीला धावणार. आणि मुंबईवाला इथे यायचं म्हणतो तर तो मुंबई-गोवा हायवे, किती वर्षं झाली, अजून वडखळला कमरेचे टाके ढिले होतात. गेल्या गणपतीला माझा भाऊ चौदा तासांत आला. आधी हा रस्ता करा, मग हिमालयाच्या गप्पा.

रापण_मालवण

काका, हायवेचं दुःख सगळ्यांचंच आहे, पण इथे प्रश्न चौदा पोरांच्या जिवाचा आहे. कृपा करून धागा भरकटवू नका.

देवगड_आंबेवाला

जिवाचंच म्हणताय तर हायवेवर काय कमी जीव गेलेत? असो. थांबतो.

नवखा_चिपळूण

जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकातले नऊ जण दगावले ते पण उंचीमुळेच ना? त्यांच्याबरोबर गाईड होते तरी काय उपयोग झाला?

डॉक्टर_दाभोळखाडी

नाही, तिथे हवामान फिरलं, बर्फाचं वादळ आणि थंडीत ते अडकले. तो वेगळा प्रकार आहे, उंचीच्या आजाराच्या खात्यात टाकू नका. गाईड असून माणसं गेली हे खरं, म्हणून गाईडच नको असा त्याचा अर्थ निघत नाही. ढग कुठून चढतायत आणि आता परत फिरायचं हे त्या भागातला माणूस ओळखतो. वाडीतला माणूस नाही ओळखणार, तसाच मनालीचा माणूस आपल्या खाडीच्या तोंडाशी होडी घालू शकणार नाही.

वाशिष्ठी_काठ

मी दादांची मूळ पोस्ट परत पहिल्यापासून वाचली. सगळे जण एक गोष्ट विसरताय. ते स्वतःच लिहितायत की जूनमध्ये "मनालीत एक अख्खा दिवस बसवून ठेवलं, कंटाळा आला, मॉल रोडवर दोनदा चक्कर मारली". म्हणजे दादा, तुम्ही तो विश्रांतीचा दिवस घेतलात. डोकं दुखलं नाही म्हणून तुम्ही म्हणताय त्या दिवसाची गरज नाही. पण तो दिवस घेतला म्हणूनच दुखलं नसेल तर? रापणताईंच्या घरच्यांनी तोच दिवस कापला. पास तोच, मुक्काम तेच, आणि दोन माणसांचं काय झालं ते समोर आहे.

सडा_रत्नागिरी

हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता.

डॉक्टर_दाभोळखाडी

वाशिष्ठींनी नेमकं पकडलं. अजून एक. जूनसारख्याच वेगाने गेलात तर दादा तुम्हाला स्वतःला बहुतेक त्रास होणार नाही, एकदा ज्या वेगाने माणूस नीट चढला त्याच वेगाने परत चढेल अशी शक्यता चांगली असते. पण पोरं चौदा, पहिल्यांदा जाणारी. त्यातल्या कोणाला होईल हे बघून, नाडी तपासून, कुठल्याच डॉक्टरला आधी सांगता येत नाही.

सडा_रत्नागिरी

रात्रभर विचार केला. काही गोष्टी मान्य करतो, काही नाही, स्पष्ट लिहितो.

मनालीत एक दिवस ठेवतो. चिकाला पण एक जादा रात्र ठेवायचा विचार आहे, खर्च तंबूचा आणि खाण्याचाच, पोरांना परवडेल. मनालीतला एक स्थानिक गाईड घेणार, मोठ्या कंपनीचा नाही, पण पास अनेकदा केलेला आणि ऑक्सिजन सिलिंडर बरोबर असलेला. परतीची तिकिटं दोन दिवस पुढची काढतो, म्हणजे घाई करायची वेळ येणार नाही. "कोकणातल्या माणसाला काय होणार" हे वाक्य मागे घेतो, ते लिहायला नको होतं.

चुलतभावाच्या बाबतीत मात्र मी अजून म्हणतो अन्याय झाला. सकाळी उठल्या उठल्या, घाबरलेला असताना, एकदाच मोजलं. तासाभराने परत मोजायला काय जातं?

डॉक्टर_दाभोळखाडी

परत मोजायला हवं होतं. ह्यात मी तुमच्या बाजूने.

रापण_मालवण

दादा, मागच्या पोस्टमध्ये मी जरा चिडून लिहिलं, पण पेजेचा तो आवाज ऐकलेला माणूस शांतपणे लिहू शकत नाही. भावोजी आता बरे आहेत, रापणीला जातात, फक्त जास्त उंचावर जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. काल त्यांना हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, गणपतीच्या आधी एक रविवार मी रत्नागिरीला येतो, पोरांना देवळात बसवा, मी स्वतः सांगतो काय झालं ते. दुखलं तर लगेच बोला एवढंच सांगायचं आहे म्हणाले, मी बोललो नाही. येऊ दे का?

सडा_रत्नागिरी

येऊ दे म्हणजे काय, गाडी पाठवतो. जेवायला घरीच. पोरांना त्यांच्यासमोर बसवतो, कोणी हसलं तर त्याचं नाव यादीतून काढतो.

पण बॅग ज्याची त्याने उचलायची. त्यात माघार नाही.

चाकरमानी_डोंबिवली

आणि एखाद्याचा गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला तर? तेव्हा तरी खेचर करणार की पोराला लंगडत नेणार?

सडा_रत्नागिरी

त्याची बॅग मी घेईन.

कुडाळकर_भाऊ

तां बरां.

घाटवाट_खेड

दोघांचे गुडघे सुजले तर? मनालीच्या गाईडचा नंबर घ्याल तेव्हा एका घोडेवाल्याचाही घेऊन ठेवा. जो संध्याकाळी खोगीर उतरवून पाठ चाचपतो, असा बघा.